हुबळी ते पुणे, व्हाया दाजीबानपेठ

प्रिय अर्णव आणि ईशा,

मी पुण्याला जाणार म्हटल्यावर अर्णवने टोरांटोहून मला एक नकाशा पाठवला. त्यात हुबळीच्या विमानतळापासून पुण्याच्या विमानतळापर्यंत एक बारीक निळी रेघ होती आणि खाली लिहिलं होतं, अंतर सुमारे पावणेचारशे किलोमीटर, वेळ एक तास. त्याखाली अर्णवचा प्रश्न होता, "एवढंच?"

त्या रेघेबद्दल माझी तक्रार नाही. सरळ आहे, स्वच्छ आहे. पण ती ज्याने काढली त्याने अक्काआजींना बरोबर घेऊन प्रवास केलेला नसावा. आम्ही नुकत्याच धारवाडला परत आलो आहोत, सगळं अजून ताजं आहे, तोवर लिहून काढते. क्रमाने लिहिते, म्हणजे तुमच्या आईला वाचून दाखवताना मध्ये थांबून समजावत बसावं लागणार नाही. परतीच्या प्रवासात काहीच घडलं नाही, म्हणून तो वगळते.

आधी जाण्याचं कारण. अक्का म्हणजे तुमच्या आजोबांची थोरली बहीण, हे तुम्हाला माहीत आहे. आजोबा गेल्यापासून घरात त्या आणि मी, दोघीच असतो. अक्कांची, आजोबांची आणि धाकट्या मालूआजींची आई फार लवकर गेली. तेव्हा अक्का स्वतःच शाळकरी होत्या, पण त्यांनी दोघांना वाढवलं. नंतर लग्न केलं नाही, शाळेत गणित शिकवलं आणि दोघांचे संसार लावून दिले. मालूवन्सं लग्न होऊन पुण्याला गेल्या. आता त्यांचा मुलगा शिरीष त्यांना कायमचं मेलबर्नला नेणार होता. पुण्याचं घर विकलं होतं, सामान वाटून टाकलं होतं. बुधवारी संध्याकाळी पुण्याहून गाडीने मुंबईला निघायचं आणि रात्री विमानात बसायचं असं ठरलं होतं. अक्कांचं वय त्र्याऐंशी, मालूवन्संचं एकोणऐंशी. पुन्हा भेट होईल का, हा प्रश्न आमच्या घरात कुणी मोठ्याने विचारला नाही. अक्का फक्त एवढंच म्हणाल्या, "मला एकदा मालूला बघायचं आहे. फोनवर नाही."

अक्कांच्या गुडघ्यांमुळे रात्रभराची बस आणि रेल्वे दोन्ही डॉक्टरांनी बंद केलेल्या. उरलं विमान. आमच्याकडून पुण्याचं विमान रोज नसतं. आधीच्या फेरीत जागा मिळाली नाही. मिळाली ती नेमकी बुधवारी दुपारची. दुपारी दोनला निघायचं, तीनला पोचायचं, पाचपर्यंत मालूवन्संजवळ बसायचं. मी हे कागदावर मांडून फ्रिजवर लावलं. इतकं सुबक दिसत होतं की मला स्वतःचंच कौतुक वाटलं.

सोमवार, धारवाड

अक्कांनी तो कागद वाचला आणि भिंतीवरच्या कॅलेंडरापाशी जाऊन उभ्या राहिल्या.

"सुमा, बुधवारी उत्तरेला जात नाहीत गं. दिशाशूळ असतो."

"अक्का, विमान कंपन्या दिशाशूळ बघून वेळापत्रक करत नाहीत."

"त्यांना नसेल बघायचा. आपण बघायला काय जातंय?"

मी शांतपणे मुद्दे मांडले. आपण घरातून निघून हुबळीकडे जाणार, म्हणजे आग्नेयेला. विमान धावपट्टीवरून उडणार ते वाऱ्याप्रमाणे पूर्वेला नाहीतर पश्चिमेला. उत्तरेला वळणार ते थेट आकाशात. जमिनीवर आपण उत्तरेकडे एक पाऊलही टाकणार नाही. मग शूळ लागेल कुठे?

अक्कांनी यावर नीट विचार केला.

"आणि आकाशात लागला तर? मध्ये उतरायची सोय आहे का?"

मी एम.ए. आहे, कॉलेजात आयुष्यभर इंग्रजी शिकवलं आहे, आणि मी फ्रिजवरचा कागद काढून पुन्हा वाचू लागले.

तुम्हाला वाटेल की मग प्रवास रद्द. तसं नसतं. आपल्या पूर्वजांनी जितके नियम केले तितक्याच पळवाटाही करून ठेवल्या आहेत. वाईट दिवशी निघावं लागणार असेल तर आधीच्या चांगल्या दिवशी 'प्रस्थान' ठेवायचं. म्हणजे आपल्या सामानातली एखादी गोष्ट, साडी, तांदूळ, सुपारी असं बांधून, जायच्या दिशेला राहणाऱ्या कुणाच्या तरी घरी नेऊन ठेवायची. आपला प्रवास त्याच दिवशी सुरू झाला असं धरायचं. मग प्रत्यक्ष जाताना ते गाठोडं उचलायचं आणि घरी न परतता तसंच पुढे जायचं. थोडक्यात, तुम्ही लोक विमानाचं चेक-इन आदल्या दिवशी घरबसल्या करता, तसंच हे.

आमच्या उत्तरेला दोन घरं सोडून गिरिजाक्का राहतात. त्या कानडी, आम्ही मराठी, पण इतक्या वर्षांत कोण कुणाशी कुठल्या भाषेत बोलतंय हे आता कुणाच्याच लक्षात येत नाही. प्रस्थान म्हटल्यावर त्यांनी लगेच देवाजवळचा पाट रिकामा केला.

गाठोड्यात अक्कांची ठेवणीतली इरकली साडी होती, मूठभर तांदूळ, सुपारी, हळकुंड. "पूर्वी एक रुपयाही ठेवायचे," अक्का बांधता बांधता म्हणाल्या, "कारण पैशाशिवाय प्रवास होत नाही."

मी चपात्या लाटत होते. "आता आधारकार्डाशिवाय होत नाही," मी म्हणाले. "तेच ठेवा."

मी विनोद केला होता. पण विनोद पायऱ्या घालून सोडवून दाखवल्याशिवाय अक्का तो मान्य करत नाहीत, हे मला माहीत असायला हवं होतं.

बुधवार, धारवाड

सकाळी हातावर दही घेऊन, देवाला नमस्कार करून आम्ही वेळेच्या बऱ्याच आधी निघालो. टॅक्सी बसण्णाची. बसण्णा नेहमी आमच्याकडे येतो. त्याच्या गाडीत पुढच्या काचेजवळ इतके देव आहेत की रस्ता त्यांच्यामधून बघावा लागतो. अक्कांनी त्याला गिरिजाक्कांच्या दारात थांबवलं.

दाराला कुलूप होतं.

मी फोन लावला. फोन घराच्या आत वाजू लागला. खिडकीतून स्पष्ट ऐकू येत होता, गिरिजाक्कांनी त्यावर शंखनाद लावून ठेवला आहे.

एवढ्यात फुलं विकणारी कस्तुरव्वा टोपली घेऊन आली. "हुब्बळ्ळीगे होग्यार्री," ती म्हणाली. गिरिजाक्का हुबळीला गेल्या होत्या. पुतणीच्या लग्नाच्या साड्या घ्यायला. आणि जाताना आमचं गाठोडंही घेऊन गेल्या होत्या. "तुम्हाला सांगायला सांगितलंय. विमान हुबळीतच आहे की, तुम्ही कशाला वाट वाकडी करता, त्या तिथंच आणून देतो म्हणाल्या."

"तिथं म्हणजे कुठं?"

"विमानाजवळ."

"कधी?"

"दोनचं विमान की नाही? दोनला येतो म्हणाल्या."

गिरिजाक्का आजवर विमानात बसलेल्या नाहीत. दोनला विमान म्हणजे दोनला जाऊन खिडकीतून गाठोडं आत द्यायचं, इतकी साधी त्यांची कल्पना होती. एस.टी.च्या बाबतीत ती शंभर टक्के बरोबर ठरली असती.

मी म्हणाले, "असू दे अक्का. प्रस्थान आपल्या आधी पुढे गेलं, हे चांगलंच झालं. आपण सरळ विमानतळावर जाऊ. साडी काय, नंतर घेता येईल."

अक्का गाडीत बसल्या. पदर नीट केला. बसण्णाने गाडी सुरू केली. मग त्या खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "त्यात माझं आधारकार्ड आहे."

बसण्णाने गाडी बंद केली.

"तूच सांगितलंस की," अक्का म्हणाल्या.

मुलांनो, माझ्या फायलीत अक्कांच्या सगळ्या कागदपत्रांच्या तीन-तीन झेरॉक्स आहेत. विमानतळावर झेरॉक्स चालत नाही. पासपोर्ट अक्कांनी कधी काढला नाही, आणि त्यांचा फोन इतका साधा आहे की त्यात फोनशिवाय काही नाही. कार्ड नाही तर विमान नाही, आणि विमान नाही तर मालूवन्सं नाहीत.

"साड्या कुठं घेतात त्या?" बसण्णाने विचारलं.

"दाजीबानपेठ," आम्ही दोघी एकदम म्हणालो. धारवाडात सुभाष रोडवर दोन्ही बाजूंना साड्यांची दुकानं आहेत, पण लग्नाचा बस्ता हुबळीत दाजीबानपेठेतच बांधायचा, हा गिरिजाक्कांच्या घरचा नियम. दुकानही ठरलेलं. मी दोनदा त्यांच्याबरोबर गेले आहे, दोन्ही वेळा संपूर्ण दिवस गेला होता.

दाजीबानपेठ

पेठेच्या तोंडाशी बसण्णाने हात टेकले. पुढे हातगाड्या, रिक्षा, कापडाचे गठ्ठे डोक्यावर घेतलेली माणसं, आणि मधोमध एक गाय, तिची कुणालाच घाई नव्हती. अक्कांना गाडीत बसवून मी एकटीच जाणार होते. "मी येते," अक्का म्हणाल्या. "कार्ड माझं आहे."

त्या काठी टेकत चालल्या आणि नवल म्हणजे गर्दी दुभंगत गेली. काठीत एक अधिकार असतो. मला पर्स छातीशी धरून मागून जावं लागलं.

दुकानात गादीवर गिरिजाक्का मांडी घालून बसलेल्या. त्यांच्यासमोर साड्यांचा डोंगर. "बर्री, बर्री," त्यांनी आम्हाला बघून इतक्या आनंदाने स्वागत केलं, जणू आम्ही बस्त्यालाच आलो होतो. "कुंदर्री, बसा की. चहा सांगते. ही जांभळी बघा, मुलीला उठून दिसेल का?"

"गिरिजाक्का, गाठोडं."

"आहे की, इथंच तर ठेवलं." त्यांनी मांडीच्या उजवीकडे हात फिरवला. मग डावीकडे. मग साड्या उचलून बघायला लागल्या.

गाठोड्याचं फडकं मला दिसलं. ते सुटलेलं होतं. तांदूळ गादीवर सांडले होते आणि दुकानातला विक्रेता सुपारी हातात घेऊन ती कुणाची असेल याचा विचार करत होता. साडी मात्र नव्हती.

साडी पलीकडच्या कोपऱ्यात होती. गदगहून आलेल्या एका बाईंनी ती खांद्यावर टाकली होती आणि आरशात बघत होत्या. डोंगरातून ती त्यांच्याकडे कशी सरकली देव जाणे. दुकानाचे मालक तिच्या दोन्ही टोकांना किमतीची चिठ्ठी शोधत होते आणि ती सापडत नसल्यामुळे मनातल्या मनात किंमत ठरवत होते.

"ही साडी यांची आहे," मी म्हणाले.

"आम्ही आधी धरली," गदगच्या बाई म्हणाल्या.

"अहो, म्हणजे यांच्या मालकीची आहे. कपाटातली आहे."

बाईंनी अक्कांकडे बघितलं, साडीकडे बघितलं. "तरीच. असला टोपपदर आता करतात कुठं? सूत बघा कसं मऊ पडलंय. अक्का, कुठं घेतली हो?"

अक्का गादीवर बसल्या. मी डोळे मिटले.

"ही की नाही, इळकलहून," अक्का सुरू झाल्या. "तेव्हा आमच्या शाळेची सहल गेली होती..."

"अक्का, विमान."

"सांगू दे की गं, विचारतायत त्या."

"देता का?" गदगच्या बाईंनी विचारलं. "काय ते सांगा."

"विकायची नाही," अक्का म्हणाल्या. आणि मग, "पण सांगा तरी, काय द्याल?"

त्या बाईंनी आकडा सांगितला. अक्कांनी मालकांकडे असं बघितलं की, बघा, आमच्या कपाटात काय माल आहे. तेवढ्यात मी साडी बाईंच्या खांद्यावरून काढून घेतली. माझ्या हातून आयुष्यात इतकं उद्धट वर्तन कधी घडलं नव्हतं. घडी झटकल्यावर आधारकार्ड खाली पडलं. अक्कांच्या फोटोवर व्यवस्थित हळद आणि त्यावर कुंकू वाहिलेलं होतं.

"प्रस्थानाची पूजा करतात," अक्कांनी मला समजावलं.

गिरिजाक्का चहा पिऊन जा म्हणत राहिल्या. न पिता गेलो म्हणून त्या अजून थोड्या रुसलेल्या आहेत.

विमानतळ

प्रवेशद्वारावरच्या जवानाने तिकीट बघितलं, कार्ड बघितलं, अक्कांकडे बघितलं, पुन्हा कार्ड बघितलं. "माताजी, इसमें चेहरा कहाँ है?"

मी खुलासा करू लागले. हिंदीत प्रस्थान कसं समजावायचं याची मी जुळवाजुळव करत होते, तेवढ्यात अक्कांनी पदराचं टोक जिभेला लावून ओलं केलं आणि कार्डावरचा आपलाच चेहरा, शेंबड्या पोराचा पुसावा तसा, खसाखसा पुसला. हळद गेली, कुंकू पसरलं. फोटोतल्या अक्का रागाने लाल झालेल्या दिसत होत्या. समोरच्याही साधारण तशाच दिसत होत्या. जवानाने दोघींना ताडून पाहिलं आणि आत सोडलं.

मी धावत चेक-इनच्या खिडकीशी गेले. खिडकीतल्या मुलीने गोड हसून सांगितलं की घाई नाही, विमान उशिरा आहे.

"किती?"

"तासभर, मॅडम. कदाचित थोडं जास्त."

मी अक्कांना सांगितलं. त्या खुर्चीवर काठी आडवी घेऊन बसल्या होत्या.

"एक तासाचा रस्ता, आणि तासापेक्षा जास्त उशीर? मग हे कुठं अडकलं?"

"पुण्याहूनच उशिरा निघतंय. तेच विमान तिकडून येतं आणि परत जातं."

"पुण्याहून येतंय?" अक्का म्हणाल्या. "मग मालूलाच घेऊन यायचं होतं."

शिरीषला फोन केला. तो भला मुलगा आहे, पण आवाज ताणलेला होता. "मामी, पाचनंतर थांबता नाही येणार. मुंबईत गाडी अडकली तर विमान चुकेल." मागून मालूवन्संचा आवाज आला, "कोण, अक्का का? सांग, मी नाही निघणार." शिरीष म्हणाला, "आई, प्लीज." हा संवाद मी अक्कांना सांगितला नाही. पण माझा चेहरा पुसलेल्या फोटोपेक्षा स्पष्ट असतो.

मग आम्ही डबा उघडला. दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि ताज्या लाल मिरच्यांचा रंजका. रंजक्याची एक बरणी मालूवन्संसाठी होती. ती आत नेता येणार नाही असं तपासणीच्या वेळी सांगण्यात आलं. अक्का म्हणाल्या, "टाकून द्यायची नाही, संपवायची." रंजका एकटीने संपवण्याची गोष्ट नाही. शेजारी एक टाय लावलेले गृहस्थ बसले होते, धारवाडजवळच्या बेलूरच्या एका कारखान्यात इंजिनिअर, पुण्याला बैठकीसाठी निघालेले. अक्कांनी त्यांच्या हातात न विचारता दशमी ठेवली. पहिल्या घासाला ते सावध होते, तिसऱ्याला त्यांनी टाय सैल केला. त्यांच्या फोनवर विमान नकाशात सरकताना दिसायचं. डोळ्यांतलं पाणी पुसत ते बातमी द्यायचे, "आत्ता कराडच्या वर आहे... आत्ता बेळगाव..." अक्का दर वेळी मान डोलवायच्या, जणू घरी येणाऱ्या पाहुण्याची खबर ऐकतायत.

टोरांटोत विमानतळावर शेजारच्या माणसाला डबा देता येतो का, कळवा. मला शंका आहे.

तो एक तास

आता अर्णवची निळी रेघ. ती खरी आहे. विमान पश्चिमेला उडालं, अक्कांनी माझ्याकडे बघितलं, मी म्हटलं "वाऱ्यामुळे", आणि मग ते उत्तरेकडे वळलं. अक्कांनी साडीची घडी मांडीवर घट्ट धरली. शूळ लागला नाही.

पूर्वी आम्ही पुण्याला बसने जायचो तेव्हा रात्र जायची. निपाणीला चहा, कोल्हापूरला कुणीतरी उतरायचं विसरायचं, साताऱ्याला पाय मोकळे करायचे. पहाटेपर्यंत शेजारणीच्या मुलीचं लग्न कुठे अडलंय तेही कळायचं. इथे शेजारी कोण बसलंय ते कळेपर्यंत उतरायची सूचना झाली. खाली उसाचे चौकोन होते, मधून एक नदी चमकून गेली. अक्कांनी हात जोडले.

"कृष्णा ना?"

"बहुतेक."

"बहुतेक काय? नमस्कार केलाय मी."

मी हवाईसुंदरीला विचारलं. तिलाही माहीत नव्हतं. मागच्या रांगेतून टायवाल्या इंजिनिअरांनी डोकं पुढे काढून फोन बघितला आणि कृष्णाच असल्याचं जाहीर केलं. मग अक्का निवांत झाल्या आणि त्यांनी पहिल्यांदाच विचारलं, "आपण पोचू ना गं?"

"विमान तर पोचेलच."

"विमानाचं नाही विचारत मी."

पुणे

उतरलो तेव्हा पाच व्हायला आले होते. इंजिनिअरांची कंपनीची गाडी आली होती. ते बिचारे म्हणाले, "मीही कोथरूडकडेच जातोय, चला." रंजक्याचे हे उपकार मी विसरणार नाही.

लोहगावहून निघाल्यावर आम्हाला कळलं की आकाशात गर्दी नव्हती, कारण ती सगळी इथे होती. हुबळीहून पुण्याला यायला जेवढा वेळ लागला त्यापेक्षा जास्त वेळ पुण्यातून पुण्यात जायला लागला. सिग्नल हिरवा व्हायचा, आम्ही तीन गाड्या पुढे सरकायचो, तो लाल व्हायचा. पुणेकर मोटारसायकलीवर बसून एकमेकांना सभ्य शब्दांत असभ्य गोष्टी सांगत होते. धारवाडात आम्ही आधी भांडतो आणि मग "चहा घेणार का" विचारतो. इथे चहाचा टप्पा दिसला नाही.

शिरीषचा फोन आला. ते निघाले होते. मी अक्कांकडे न बघता म्हणाले, "तू चांदणी चौकातूनच जाणार ना? तिथे रस्त्याकडेला थांब. आम्ही तिथेच येतो."

"किती वेळ लागेल मामी?"

"येतो," मी म्हणाले. माझ्या फ्रिजवरच्या कागदावर असलं उत्तर बसलं नसतं.

चांदणी चौकाच्या अलीकडे, एका टायरच्या दुकानासमोर, शिरीषची गाडी उभी होती. वर बॅगा बांधलेल्या, आत बॅगा, आणि बॅगांच्या मध्ये मालूवन्सं. मी त्यांना ओळखलंच नाही. आयुष्यभर नऊवारी नाहीतर पाचवारी नेसलेल्या, आणि आता सुनेने आणलेला पंजाबी ड्रेस, पायात पांढरे बूट, आणि केस मोकळे, डोक्याच्या मागे एका प्लॅस्टिकच्या चिमट्यात कसेबसे कोंबलेले. त्यांचा खांदा धरला होता, हात वर जात नव्हता.

अक्का गाडीच्या दारात उभ्या राहिल्या. दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. मी पर्समधून रुमाल काढून ठेवला.

"हे काय ध्यान गं?" अक्का म्हणाल्या.

"खांदा दुखतो," मालूवन्सं म्हणाल्या.

"असल्या केसांनी परदेशात जाणार? काय म्हणतील लोक, हिला कुणी नाही?" अक्का आत चढल्या. कशा चढल्या ते गुडघ्यांना माहीत. "वळ तिकडे."

मालूवन्सं निमूट वळल्या. अक्कांनी पर्समधून फणी काढली, चिमटा काढून शिरीषच्या हातात दिला आणि वेणी घालायला घेतली. शिरीष घड्याळ बघत चिमटा उघडत-मिटत होता. मागचे ट्रक हॉर्न देत होते. मी आणि इंजिनिअर टायरच्या दुकानासमोर उभे, गाडीत काय बोलणं चाललंय ते ऐकू येत होतं.

"पाणी येतं का गं धारवाडला रोज?"

"रोज कुठलं? आलं की भरून ठेवायचं. मान हलवू नकोस."

"तिकडे चोवीस तास येतं म्हणे."

"मग डोकं धूत जा नीट. कोंडा बघ किती."

"अक्का, ओढू नकोस ना."

"ओढल्याशिवाय बसते का वेणी?"

दोघींची तोंडं एकाच दिशेला होती. त्यामुळे कुणालाच कुणाचा चेहरा बघावा लागला नाही. माझा रुमाल मीच वापरला.

"मावशी, निघायला हवं," शिरीष म्हणाला.

"शेंडा बांधायचाय. दोरी दे काहीतरी."

दोरी नव्हती. अक्कांनी इकडे तिकडे बघितलं आणि शेजारच्या बॅगेच्या हँडलला बांधलेली लाल रिबीन सोडायला लागल्या.

"मावशी, ती बॅगेची खूण आहे. तिकडे पट्ट्यावर सगळ्या बॅगा सारख्या दिसतात. हरवेल."

"बॅग हरवली तर दुसरी मिळते," अक्का म्हणाल्या आणि रिबिनीची गाठ मारली. दोनदा मारली. मग वेणीवरून शेंड्यापर्यंत एकदा हात फिरवला आणि खाली उतरल्या.

गाडी गेली. मालूवन्संनी मागे वळून बघितलं नाही. त्यांना मान वळवता येत नव्हती, वेणी इतकी घट्ट होती.

"घट्ट घातलीय," अक्का मला म्हणाल्या. "मेलबर्नपर्यंत सुटायची नाही."

त्यानंतर

पुण्यात आम्ही माझ्या भाचीकडे चार दिवस राहिलो. तिथला चहा चांगला असतो पण कप इतका लहान, की अक्का पहिला कप संपवून "हा नमुना का?" विचारायच्या. मालूवन्सं सुखरूप पोचल्या. बॅगही मिळाली, पण सगळ्यांच्या बॅगा जाईपर्यंत थांबावं लागलं आणि शेवटी जी एकटी फिरत राहिली ती आपली, असं शिरीषने ठरवलं.

रोज सकाळी माझ्या फोनवर मालूवन्संचा व्हिडिओ कॉल येतो. तिकडे दुपार झालेली असते. वेणी थोडी विस्कटली आहे, दोन-चार केस बाहेर आलेत, पण रिबीन तशीच आहे. सून मागून म्हणते, आई, आज तरी डोकं धुऊ या.

"धू गं डोकं," अक्का म्हणतात. "वास येईल. उवा होतील."

"उद्या धुते," मालूवन्सं म्हणतात.

"उद्या नक्की?"

"नक्की."

हे रोज होतं. आज सकाळीही झालं. हे लिहून संपेपर्यंत तरी मालूवन्संनी डोकं धुतल्याची बातमी आलेली नाही.

तुमची
आजी